परसातील कोंबड्यांमधील उष्माघात

परसातील कोंबड्यांमधील उष्माघात म्हणजे तीव्र उष्णतेमुळे कोंबडीच्या शरीराचे तापमान नियंत्रणाबाहेर वाढून निर्माण होणारी जीवघेणी अवस्था होय. तिच्या जोडीला बहुधा निर्जलीकरण, म्हणजे शरीरातील पाणी व क्षार यांची घट, आढळते. महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत एप्रिल-मे महिन्यांत ही अवस्था विशेष दिसते. उष्माघात संसर्गजन्य नाही. वेळीच सावली, वारा व पाणी मिळाल्यास पक्षी वाचू शकतो. मात्र त्याची काही लक्षणे मानमोडी व बर्ड फ्लू या साथीच्या रोगांशी मिळतीजुळती असल्याने दोहोंतील भेद ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शरीरक्रिया

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ४१° सेल्सियस, म्हणजे माणसापेक्षा सुमारे ४ अंशांनी अधिक असते. तुरा, चोचीखालचे लोंबते मांसल भाग व पाय या पिसे नसलेल्या अवयवांतून उष्णता बाहेर पडते. हवेचे तापमान ३०° सेल्सियसच्या वर गेल्यावर हा मार्ग अपुरा पडू लागतो आणि कोंबडी चोच उघडून धापा टाकते. धापेमुळे श्वसनमार्गातील पाण्याची वाफ होऊन शरीर थंड होते; पण त्यासाठी शरीरातील पाणी खर्ची पडते. कोकणासारख्या दमट हवेत ही वाफ सहज होत नाही, म्हणून तेथे पारा तुलनेने खाली असतानाही पक्ष्यांना त्रास होऊ शकतो.

अंडी देणारी कोंबडी एरवी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात ही गरज दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. कवच वगळता अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. त्यामुळे पाण्याची टंचाई प्रथम अंड्यांच्या संख्येत दिसून येते. सततच्या धापेने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व अंड्याचे कवच पातळ होते.

लक्षणे

प्रारंभी कोंबडी पंख शरीरापासून दूर धरते, धापा टाकते, दाणे टिपणे कमी करते व सावलीत बसून राहते. निर्जलीकरण वाढल्यावर डोळे खोल जातात, तुरा सुकतो व मलूल होतो, पायांची कातडी सुरकुतते आणि तोंडातील लाळ चिकट होते. अखेरच्या टप्प्यात पक्षी झोकांड्या देतो, आडवा पडतो, त्याला झटके येतात व मृत्यू ओढवतो. वजनदार व दाट पिसांच्या पक्ष्यांना धोका अधिक असतो. उघड्या मानेच्या जातीला पिसे कमी असल्याने ती उष्णता तुलनेने चांगली सोसते.

साथीच्या रोगांपासून भेद

उष्माघाताचा त्रास भर दुपारी, बहुधा एकाच वेळी अनेक पक्ष्यांना होतो आणि ऊन उतरल्यावर ओसरू लागतो. सकाळच्या गारव्यातही कोंबडी मान टाकून बसत असेल, किंवा रोज एक-दोन पक्षी नव्याने आजारी पडत असतील, तर संसर्गाची शंका घ्यावी.

मानमोडी हा विषाणुजन्य रोग राणीखेत या नावानेही ओळखला जातो. यात हिरवट पातळ विष्ठा, श्वास घेताना घरघर, पाय-पंख लुळे पडणे व मान पिळवटणे ही लक्षणे आढळतात. बर्ड फ्लूमध्ये डोके सुजणे, तुरा निळसर पडणे व अचानक मोठ्या संख्येने पक्षी मरणे असे घडते. भारतात या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला.

प्रथमोपचार

बाधित पक्ष्याला हलक्या हाताने उचलून सावलीत, वारा खेळत असलेल्या जागी वेगळे ठेवावे. त्याचे पाय साध्या गार पाण्यात काही मिनिटे धरावेत व तुरा ओलसर करावा. बर्फाचे पाणी वापरू नये. शुद्धीवर असलेल्या पक्ष्याची चोच पाण्यात किंचित बुडवावी किंवा चोचीच्या कडेला थेंब-थेंब पाणी सोडावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने घशात पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाऊन पक्षी दगावू शकतो. काही तास जलसंजीवनीचे पाणी पाकिटावरील प्रमाणातच द्यावे व नंतर साधे पाणी सुरू करावे. अधिक मीठ कोंबडीला घातक असते. तासाभरात सुधारणा न दिसल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

प्रतिबंध

मातीच्या परळात किंवा पसरट भांड्यात स्वच्छ पाणी सावलीत, एकाहून अधिक ठिकाणी ठेवावे, म्हणजे दुबळ्या पक्ष्यांनाही पाणी पिता येते. भांडी रोज घासावीत व पाणी दुपारी बदलावे. अन्नपचनातून उष्णता निर्माण होत असल्याने दाणे पहाटे व सायंकाळी टाकावेत. पत्र्याच्या छपरावर गवत किंवा पाचट अंथरावे, खुराड्याला जाळीची खिडकी असावी आणि दुपारी कोंबड्या डालग्याखाली कोंडू नयेत. मानमोडीची लस निरोगी पक्ष्यांनाच व शक्यतो दिवसाच्या थंड वेळी दिली जाते.

संशयित पक्ष्यांची विल्हेवाट

मान टाकलेली कोंबडी मरण्यापूर्वी कापणे किंवा आठवडी बाजारात विकणे हा प्रघात अनेक गावांत आढळतो. आजार संसर्गजन्य असल्यास याच मार्गाने तो एका परसातून दुसऱ्या गावात पोहोचतो, आणि अल्पशा भांडवलावर पाळलेले अनेक घरांतील पक्षी नष्ट होतात. बर्ड फ्लू असल्यास पक्षी हाताळणाऱ्या माणसालाही धोका संभवतो. म्हणून कारण निश्चित होईपर्यंत आजार संसर्गजन्य मानून पक्षी विलग ठेवावेत, मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी केलेल्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मानमोडी व बर्ड फ्लू हे अनुसूचित रोग असून, त्यांची शंका आल्यास खबर देणे पशुपालकावर बंधनकारक आहे.