थॅलोसायनिन संवेदक आणि आर्द्रतेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळील हाजी बंदर येथे, पोर्ट ट्रस्टच्या आवारात अनेक वर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीनची गळती झाली. शंभराहून अधिक व्यक्तींना तिची बाधा झाली. ही दुर्घटना ऐन पावसाळ्यात घडली, ही बाब संवेदकांच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येण्यासारखी नाही. ३० अंश सेल्सिअस तपमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत पाण्याचे बाष्प दशलक्षात सुमारे ३३,००० भाग असते. त्या हवेत दशलक्षात एक भाग क्लोरीन ओळखायचा, म्हणजे क्लोरीनच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे तेहतीस हजार रेणू बाजूला सारून त्याचीच खूण शोधायची. थॅलोसायनिन या निळ्या रंजकद्रव्यावर आधारित संवेदकांचा इतिहास या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रंजकद्रव्य ते अर्धवाहक

१९०७ साली ब्राउन व चेर्नियाक यांना एका अभिक्रियेत निळा उपपदार्थ आढळला. परंतु त्याचे स्वरूप त्यांना उमगले नाही. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील द दीसबाख व फॉन देर वाइड यांना तांब्याचे असेच संयुग मिळाले. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे थॅलिमाइडच्या निर्मितीत काच-अस्तराच्या भांड्याला तडा गेला, आतील द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला आणि निळी अशुद्धी तयार झाली. या वेळी मात्र तिचा पाठपुरावा झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील लिन्स्टेड यांनी १९३३-३४ मध्ये तिची रचना उलगडून ‘थॅलोसायनिन’ हे नाव रूढ केले. १९३५ पासून ‘मोनॅस्ट्रल ब्लू’ या नावाने ते बाजारात आले. पुढे महाराष्ट्रातही हे रंजक औद्योगिक उत्पादन ठरले. १९५१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकल्सच्या रोहा येथील कारखान्याचा उल्लेख या संदर्भात करावा लागेल.

१९४८ मध्ये एली आणि वार्तान्यान यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, हा पदार्थ अर्धवाहक आहे. भोवतालच्या वायूनुसार त्याची वाहकता बदलते, हे लक्षात आल्यावर १९८० च्या दशकात नायट्रोजन डायऑक्साइडच्या मापनासाठी त्याच्या पातळ थरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. बॉट व जोन्स यांचे १९८४ मधील कार्य या टप्प्यावरील महत्त्वाचे होय.

वायू, बाष्प आणि थर यांतील आंतरक्रिया

थॅलोसायनिनच्या रेणूच्या मध्यभागी धातूचा एक अणू बसू शकतो. हवेतील ऑक्सिजन थरात शिरून त्यातील काही इलेक्ट्रॉन ओढून घेतो व थरात धनभाराचे वाहक निर्माण होतात. क्लोरीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड हेच कार्य अधिक जोमाने करतात. त्यामुळे थराचा रोध घटतो. अमोनियासारखे इलेक्ट्रॉन देणारे वायू याच्या उलट परिणाम घडवितात.

पाणी आणि मिथेनॉलसारखी सेंद्रिय बाष्पे यांचे वर्तन अधिक गुंतागुंतीचे आहे. ती थराचे ऑक्सिडीकरण करीत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कोबाल्ट थॅलोसायनिनच्या थरांचा प्रतिसाद बाष्परेणूच्या इलेक्ट्रॉन-युग्म देण्याच्या क्षमतेशी निगडित असतो. धातुविरहित थरांत मात्र तो हायड्रोजन बंधाच्या सामर्थ्याशी जुळतो. असे रेणू धातूच्या अणूपाशी दुर्बल बंधाने जोडले जातात, तेथील ऑक्सिजनचा प्रभाव कमी करतात आणि विद्युत्‌प्रवाह घटतो. म्हणजे एकीकडे क्लोरीन प्रवाह वाढवितो, तर दुसरीकडे पाणी तो कमी करते. दोन्ही परिणाम एकाच थरावर एकाच वेळी घडत असल्याने आर्द्रता माहीत नसेल तर मापनाचा अर्थ लावणे कठीण होते.

महाराष्ट्रातील संशोधन

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील गटाने थॅलोसायनिनच्या थरांवर विस्तृत काम केले आहे. २०१० मध्ये या गटाने सल्फोनेटेड कॉपर थॅलोसायनिनच्या थरांद्वारे सामान्य तपमानाला, अब्जांश पातळीवरील क्लोरीन ओळखता येतो, असे प्रसिद्ध केले. थर तापविण्याची गरज नसणे ही मोठी सोय होय. पण आर्द्रतेच्या दृष्टीने हीच सोय अडचणीची ठरू शकते. कारण तापविलेल्या पृष्ठभागावरून पाणी निघून जाते, सामान्य तपमानाला ते टिकून राहते.

स्थानिक संदर्भ

हा प्रश्न केवळ मोठ्या संस्थांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा परिसरात मे महिन्याची रखरखीत हवा आणि श्रावणातील भातशेतीवरची दमट हवा यांत अवघ्या दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. कोरड्या नायट्रोजनमध्ये अंशांकन केलेले उपकरण या दोन्ही ऋतूंत सारखे वागेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तपासणीसाठी खर्चिक यंत्रसामग्रीही अपरिहार्य नाही. २५ अंशांना बंद पात्रात मॅग्नेशियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण सुमारे ३३ टक्के, तर मिठाचे संपृक्त द्रावण सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखते. अशा पात्रांत थराच्या रोधाची वर्षभर नोंद ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभागांना संयुक्तपणे शक्य आहे.

निष्कर्ष

ज्याला एकेकाळी अशुद्धी म्हणून बाजूला सारले गेले, त्यातूनच एक मौल्यवान पदार्थ हाती आला, हे या इतिहासाचे पहिले सूत्र. आर्द्रतेकडेही केवळ अडथळा म्हणून पाहिल्यास तीच चूक पुन्हा घडेल. पाण्याचा परिणाम वगळण्याऐवजी तो मोजून अंशांकनात समाविष्ट केला पाहिजे. कोरड्या वायूतील उत्तम आकडे शोधनिबंधास पुरेसे असतील. हाजी बंदरासारख्या ठिकाणी मात्र संवेदकाची खरी परीक्षा जुलैची हवाच घेते.