म्हातारपण घरीच: केंटचा प्रयोग

आजची गोष्ट इंग्लंडच्या केंट परगण्यातली. 1977 साली केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या कौन्सिलसोबत थानेट भागात एक प्रयोग केला. थकलेल्या म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात धाडण्याऐवजी समाजसेवकाच्याच हाती पैसे दिले. वृद्धाश्रमाच्या खर्चाच्या दोन तृतीयांशापर्यंत. मग काय, शेजारीणबाईला थोडे पैसे द्यायचे, ती जेवण बघणार, औषधाची आठवण करणार. तुलना केली, तर या योजनेतली जास्त माणसं स्वतःच्या घरीच राहिली.

1990च्या कायद्यानं ही कल्पना देशभर नेली. पण थानेटमध्ये एकेका समाजसेवकाकडे मोजकीच माणसं होती. देशभर पसरताना नेमकं तेच सुटलं. बराच वेळ फॉर्म भरण्यातच जाऊ लागला.

म्हणून मी म्हणतो, सरकारनं संशोधन वाचलं का, एवढंच विचारू नका. त्यातलं काय गाळलं, तेही विचारा.