मॉडेल विमानाच्या इंजिनाचा विद्युत स्टार्टर

मॉडेल विमानाच्या इंजिनाचा विद्युत स्टार्टर हे लहान अंतर्ज्वलन इंजिन बाहेरून फिरवून सुरू करणारे, हातात धरून वापरावयाचे उपकरण आहे. मोटारगाडीचा स्टार्टर गाडीतच बसविलेला असतो. हा मात्र इंजिन सुरू होताच दूर घेतला जातो, त्यामुळे त्याचे वजन विमानाला वाहावे लागत नाही. त्याचा मुख्य उपयोग ग्लो प्लगवर चालणाऱ्या दोन-धावी व चार-धावी इंजिनांसाठी होतो. या इंजिनांचे इंधन म्हणजे मिथेनॉल, वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि बहुधा थोडे नायट्रोमिथेन यांचे मिश्रण असते.

स्टार्टर नसल्यास पंखा बोटाने किंवा लाकडी दांडीने झटका देऊन फिरवितात. ही पद्धत आजही प्रचलित आहे. परंतु इंजिन उलट उसळल्यास पंख्याचे पाते बोटांवर आदळून गंभीर जखम होऊ शकते.

रचना

स्टार्टरमध्ये कायम चुंबकाची एकदिश विद्युत मोटर असते. तिच्या दांड्यावर ॲल्युमिनियमची वाटी आणि त्या वाटीत रबराचे खोलगट अस्तर बसविलेले असते. हे रबर पंख्याच्या टोकावरील शंकूला, म्हणजे स्पिनरला, दाबून धरले की घर्षणाने पंखा फिरू लागतो. काही स्टार्टरमध्ये मोटर व वाटी यांच्यामध्ये दंतचक्रे असतात. त्यांमुळे वेग कमी होतो आणि टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, वाढतो.

इंजिनानुसार निवड

मॉडेल इंजिनाचा आकार घन इंचात सांगण्याची प्रथा आहे. ‘०४९’ म्हणजे ०.०४९ घन इंच, सुमारे ०.८ घ. सेंमी.; ‘४०’ म्हणजे सुमारे ६.५ घ. सेंमी.; ‘६०’ म्हणजे सुमारे १० घ. सेंमी. आणि ‘१२०’ म्हणजे सुमारे २० घ. सेंमी. मोठे इंजिन संपीडनाच्या टप्प्यापलीकडे नेण्यास जोर लागतो, म्हणून २० घ. सेंमी.च्या आसपास दंतचक्रांचा किंवा मोठ्या मोटरचा स्टार्टर योग्य ठरतो. ४० व ६० या आकारांना १२ व्होल्टचा साधा स्टार्टर पुरतो.

अगदी लहान इंजिनांची गरज मात्र वेगळी असते. त्यांचा पंखा हलका असल्याने तो गती साठवून ठेवू शकत नाही आणि सावकाश फिरविल्यास दट्ट्याच्या कडेने वायू निसटून संपीडन कमी पडते. त्यांना जोरापेक्षा वेग हवा असतो. मोठ्या इंजिनाचा स्टार्टर ०४९ वर टेकविल्यास त्याच्या दाबानेच नाजूक भागांना इजा होण्याची शक्यता असते. कॉक्स कंपनीच्या अनेक लहान इंजिनांना पंख्यामागे पीळ देऊन सोडावयाची स्प्रिंग असे, आणि या आकारासाठी ती सोय पुरेशी होती. अधिक शक्तीचा स्टार्टर तो अधिक चांगला, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

विजेचा पुरवठा

स्टार्टर मंद फिरतो तेव्हा दोष नेहमी मोटरचा नसतो. बॅटरी, तारा व जोडण्या यांचा एकत्रित रोध केवळ ०.०५ ओहम असला, तरी ४० अँपिअर प्रवाहाला २ व्होल्टची घट होते आणि मोटरला १२ ऐवजी १० व्होल्टच मिळतात. म्हणून तारा जाड व आखूड असाव्यात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी यूपीएसमध्ये वापरली जात असल्याने भारतात सहज मिळते. ती जड असते, पण मैदानावर जमिनीवरच ठेवावयाची असल्याने त्याची अडचण होत नाही. तीन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी असते. तिची प्रवाह देण्याची क्षमता मात्र तपासावी लागते: २२०० मिलिअँपिअर-तास व ‘२० सी’ असे लिहिलेल्या बॅटरीची मर्यादा ४४ अँपिअर होय.

इंधन तुंबलेले इंजिन

स्टार्टरचा सर्वांत मोठा धोका येथे आहे. वायू दाबला जातो, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये इंधन साचले असता दट्ट्या वर येताना अडतो. हाताने फिरविणाऱ्याला हा अडथळा बोटांना कळतो व तो थांबतो. स्टार्टरला तो कळत नाही. परिणामी कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. डोके खाली करून बसविलेल्या इंजिनात इंधन ग्लो प्लगकडेच उतरत असल्याने हा धोका अधिक असतो.

यासाठी ग्लो प्लगची वीज जोडण्यापूर्वी पंखा हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहतात. अडथळा जाणवल्यास प्लग काढून साचलेले इंधन बाहेर काढतात. त्या वेळी चेहरा व ठिणगी दोन्ही दूर हवीत, कारण मिथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही.

वापर

समोरून पाहता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात. स्टार्टर उलट फिरत असल्यास बॅटरीच्या तारांची अदलाबदल करावी लागते. उजव्या आट्यांची पंख्याची चक्कीही याच दिशेने सैल होते. म्हणून स्टार्टर नुसत्या चक्कीवर टेकविण्यापेक्षा स्पिनर असणे इष्ट, आणि चक्की घट्ट असल्याची खात्री आधी करावी लागते.

विमान सहकाऱ्याने धरलेले किंवा खुंटीला बांधलेले असावे. रबर प्रथम स्पिनरवर टेकवून मगच बटण दाबतात; फिरती वाटी स्थिर स्पिनरवर नेल्यास ती घसरून पात्यांवर जाऊ शकते. इंजिन सुरू होताच स्टार्टर सरळ मागे घेतला जातो. त्यानंतर ग्लो प्लगची जोडणी काढणे व इंधनाची सुई जुळविणे ही कामे पंख्याच्या मागील बाजूने केली जातात.