दिनविशेष विपणन

दिनदर्शिकेतल्या एखाद्या हटके दिवसाचे निमित्त साधून समाजमाध्यमांवर आपल्या मालाची ओळख करून देण्याची पद्धत. दिवाळी-पाडव्याच्या जाहिरातींच्या गर्दीत छोट्या उत्पादकाचा आवाज दबतो. ‘टॉवेल दिना’सारख्या दिवशी तो ऐकू येण्याची शक्यता अधिक असते. सोलापूरच्या वस्त्रोद्योगासाठी ही पद्धत विशेष उपयोगाची आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेत चेस बंधूंनी १९५७ मध्ये अशा दिवसांची वार्षिक सूची सुरू केली. भारतात अमूलच्या फलकांनी १९६६ पासून ताज्या घडामोडींवर भाष्य करत लोण्याची जाहिरात केली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटसमुळे हेच काम विनाखर्च किंवा अल्प खर्चात करता येऊ लागले.

सोलापूरला जुळणारे दिवस : २५ मे हा टॉवेल दिन. इंग्रज लेखक डग्लस ॲडम्स यांच्या विज्ञानकथेत अंतराळप्रवाशाची सर्वांत उपयोगी वस्तू टॉवेल असते. ११ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दोन आठवड्यांनी चाहत्यांनी हा दिवस पाळला आणि प्रथा रुजली. सोलापुरी टेरी टॉवेल व सोलापुरी चादर या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे या दिवसावर सोलापूरचा हक्क स्वाभाविक ठरतो. जागतिक निद्रा दिन २००८ पासून मार्चमध्ये, वसंतसंपाताआधीच्या शुक्रवारी असतो. तेव्हा सोलापुरात ऊन तापू लागलेले असते, म्हणून सुती चादरीची गोष्ट सांगायला तो योग्य. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ तो २०१५ पासून साजरा होतो. विणकर पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव नारळी पौर्णिमेला, म्हणजे बहुधा याच सुमारास येत असल्याने विणकरांची परंपरा सांगण्याची ती चांगली वेळ आहे.

कार्यपद्धती : तारीख आधीच ठाऊक असल्याने तयारीला वेळ मिळतो. मागावर चढलेला ताणा, जेकार्डवर उमटणारी नक्षी, घडी घालणारे हात यांचे छोटे चित्रण आधीच करून ठेवता येते. त्या दिवशीचा हॅशटॅग अनोळखी माणसांना पोस्टपर्यंत आणतो. मात्र किंमत, माप आणि मागणी नोंदवण्याचा क्रमांक सोबत नसेल, तर मिळालेली दाद विक्रीत उतरत नाही. वर्षातून चार-पाच दिवस निवडून ते नीट करणे हे रोजच्या शुभेच्छापत्रांपेक्षा हितकारक.

मर्यादा : दिवस आणि माल यांचे नाते खरे असावे. सोलापुरातील बहुतांश चादरी व टॉवेल यंत्रमागावर तयार होतात. त्यांना हातमाग दिनी हातमागाचे म्हणून मिरवणे ही ग्राहकाची फसवणूक आणि हातमागावर पोट भरणाऱ्यांवर अन्याय आहे. यंत्रमाग कामगाराचे कौशल्य त्याच्या स्वतःच्या नावाने सांगण्याइतके मोलाचे आहे. तसेच १२ जानेवारी देशभर युवा दिन असला, तरी सोलापूरसाठी तो हुतात्म्यांचा दिवस आहे. १९३१ मध्ये याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्या दिवशी सोलापूरच्या व्यावसायिकाने सवलतीची जाहिरात करू नये. अभिवादन करायचे तर बोधचिन्ह आणि किंमत बाजूला ठेवून करावे.