गिरमिट ते दहावी पास

मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. फिजी आणि नाताळकडे गेलेल्या भारतीय मजुरांच्या तोंडी मात्र याच उच्चाराचा एक वेगळा शब्द होता. तो इंग्रजी 'अॅग्रीमेंट'चा अपभ्रंश. अॅग्रीमेंटवर अंगठा उमटवून गेले ते गिरमिटिये. करार म्हणजे काय हे त्यांना कोणी नीट समजावलं नव्हतं, पण त्या करारानेच त्यांना नाव दिलं.

आमच्या पिढीतल्या इंजिनियरांनी आयुष्यात शेकडो अॅग्रीमेंट केली आहेत. त्यातली बहुतेक न वाचता, खाली सरकवत नेऊन चौकटीत टिचकी मारून. त्यामुळे गिरमिटियांची गोष्ट वाचताना पहिला विचार येतो तो असा: ते बिचारे निरक्षर होते, आपलं तसं होणार नाही. आपल्या देशाचा परदेशी नोकरीविषयीचा कायदासुद्धा जवळजवळ दोनशे वर्षं याच विचारावर उभा आहे. तो कुठून आला आणि कुठे अपुरा पडतो, हे या लेखात मांडायचं आहे. उदाहरण घेतलं आहे शिक्षकांचं, कारण वाचता येत नाही असं त्यांच्याबद्दल कोणीच म्हणू शकत नाही.

अधिकारी वाचून दाखवील

1834 च्या नोव्हेंबरात 'अॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला पोचलं. त्यात 36 मजूर होते. मुदत पाच वर्षं, पगार महिना पाच रुपये. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी नुकतीच कायद्याने संपवली जात होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 1837 मध्ये कंपनी सरकारने पहिला कायदा केला: परदेशी जाणाऱ्या मजुराने आणि त्याला नेणाऱ्या एजंटाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं, कराराच्या अटी लेखी दाखवायच्या, मग परवाना. गैरप्रकारांच्या तक्रारी इतक्या झाल्या की दोनेक वर्षांत ही वाहतूकच थांबवावी लागली. 1842 मध्ये मॉरिशससाठी ती पुन्हा सुरू झाली. या वेळी कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं होतं. रत्नागिरी, ठाणे, सातारा, कोल्हापूर या भागांतली मराठी माणसं याच वाटेने मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी शिकतात.

या सगळ्या व्यवस्थेचा गाभा एकच होता. मजुराला वाचता येत नाही, म्हणून सरकारी माणूस त्याच्या वतीने वाचेल आणि 'तुला कळलं का, तू राजीखुशीने जातोस का' असं विचारेल. तो 'हो' म्हणाला की सरकारची जबाबदारी संपली. पुढे नियम वाढले, जहाजात माणशी जागा किती हवी इथपर्यंत तपशील आले, पण मूळ कल्पना तीच राहिली. दोष अज्ञानाचा, म्हणून उपाय माहितीचा.

गोखल्यांचा आक्षेप

ही कल्पना पुरेशी नाही हे कायदेमंडळात ठामपणे मांडणारा माणूस कोकणातला होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फेब्रुवारी 1910 मध्ये नाताळला गिरमिटिये पाठवणं बंद करावं असा ठराव मांडला. सरकारने तो मानला आणि 1911 च्या जुलैपासून नाताळची भरती थांबली. 4 मार्च 1912 रोजी त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि ही करारपद्धत सगळीकडूनच नाहीशी करा असा ठराव आणला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. 1915 मध्ये गोखले गेले. 1917 मध्ये भरती थांबली आणि फिजीतले उरलेसुरले करार 1920 च्या पहिल्या दिवशी रद्द झाले.

1912 च्या भाषणात गोखल्यांनी या पद्धतीची लक्षणं एकेक करून सांगितली होती. माणूस दूरच्या, अनोळखी मुलखात जातो. तिथली भाषा त्याला येत नाही. मालक त्याने निवडलेला नसतो. पगार आधीच बांधलेला असतो. मुदत संपेपर्यंत सुटका नसते. करार मोडला तर फौजदारी शिक्षा होते, आणि तिची कल्पना त्याला निघण्यापूर्वी दिलेली नसते. मजूर अडाणी आहेत, हेही गोखल्यांनी म्हटलं होतं. पण ही यादी पुन्हा वाचली की दिसतं, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी अक्षरओळख असली तरी बदलत नाहीत. करार करणाऱ्या दोघांच्या ताकदीतली तफावत हा त्यांचा खरा मुद्दा होता.

गोखले स्वतः करारबद्ध शिक्षक होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं बांधून घेतलेलं असे, आणि ते त्यांनी जवळजवळ पूर्ण केलं. मुदतीने ते बंधन गिरमिटाच्या चौपट होतं. पण ते आपल्याच शहरात, आपल्या भाषेत होतं, आणि संस्थेचा कारभार त्याच सदस्यांच्या हाती होता. पटलं नाही तर माणूस बाहेर पडू शकत होता, टिळक बाहेर पडलेच. बंधन मोठं की छोटं यापेक्षा बाहेर पडायचं दार कोणाच्या हातात आहे, यावर कराराची जात ठरते.

यादीत नसलेले

1922 मध्ये नवा उत्प्रवासन कायदा आला. तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. 1973 नंतर तेलाच्या पैशावर आखातात बांधकामं सुरू झाली, मुंबईत रिक्रूटिंग एजंटांचा सुळसुळाट झाला, आणि जुना कायदा पार तोकडा पडला. मग 1983 चा उत्प्रवासन कायदा आला. आजही तोच लागू आहे. एजंटाची नोंदणी, त्याने भरायची अनामत, त्याने घ्यायच्या फीची मर्यादा (सध्या 30 हजार रुपये अधिक जीएसटी), आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हा अधिकारी, असा त्याचा सांगाडा आहे.

या कायद्यात 'काम' या शब्दाची व्याख्या दिली आहे. ती एक यादीच आहे: मजुरी, घरकाम, हॉटेलातली नोकरी, ड्रायव्हर, मेकॅनिक, कारागीर, टायपिस्ट, हिशेबनीस, विक्रेता, नर्स, सिनेमा आणि करमणुकीच्या धंद्यातली कामं. सरकार अधिसूचना काढून तीत भर घालू शकतं. शिक्षक हा शब्द यादीत नाही. सॉफ्टवेअर इंजिनियरही नाही.

दुसरी गाळणी पासपोर्टची. ठाण्यात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधी जो ऑनलाइन फॉर्म भरतो, त्यात एक प्रश्न असतो: तुम्ही नॉन-ईसीआर वर्गात बसता का? दहावी पास असाल तर उत्तर 'हो'. मग नोकरीसाठी बाहेर जाताना प्रोटेक्टरची परवानगी लागत नाही. दहावी नसाल तर 18 ठरावीक देशांत नोकरीला जाताना करार त्या अधिकाऱ्यापुढून जातो. आमच्या धंद्याच्या भाषेत हे एक बूलियन फील्ड आहे, खरं किंवा खोटं. 1837 चा सगळा विचार त्या एका चौकटीत मावला आहे: वाचता येत असेल तर स्वतःचं स्वतः बघा.

अंगठा घेऊन अडवलं जाण्याच्या अपमानातून सुशिक्षितांना मोकळं करणं ही सोय चांगलीच आहे. गडबड होते ती 'परवानगी नको' या वाक्याचा अर्थ व्यवहारात 'संरक्षण नको' असा होतो तेव्हा.

वाचून केलेली सही

माझी मावसबहीण एम. एस्सी., बी. एड. डोंबिवलीत एका विनाअनुदानित शाळेत ती गणित शिकवायची. 2012 नंतर राज्यात शिक्षकभरती बरीच वर्षं जवळजवळ गोठलेली होती. निवड झालीच असती तरी माध्यमिक शिक्षण सेवकाचं मानधन तेव्हा महिना आठ हजार होतं, तीन वर्षांसाठी. 2023 मध्ये ते 18 हजार झालं. तिच्या हातात त्या आठ हजारांहूनही कमी पडायचे. स्टेशनजवळच्या एका एजंटाने मालदीवमधल्या एका शाळेची जागा आणली. पगार डॉलरमध्ये, राहायची सोय शाळेची, करार दोन वर्षांचा. ताईने पतपेढीचं कर्ज काढून एजंटाला लाखाच्या वर पैसे दिले.

मालेला उतरल्यावर तिच्यापुढे दुसरा करार ठेवला गेला. पगार स्थानिक चलनात, रुफियामध्ये. राहण्याचे पैसे पगारातून कापणार. बेट वेगळं. पासपोर्ट 'हरवू नये म्हणून' कचेरीत. ताईने तो करार उभ्या उभ्या पूर्ण वाचला. तिला त्यातलं प्रत्येक कलम कळलं. सही केली नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर परतीचं तिकीट स्वतःच्या खिशातून, आणि इकडे पतपेढीचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, हेही कळलं. तिने सही केली. वर्षभर शिकवलं, कर्ज फिटेल एवढे पैसे जमवले आणि परत आली.

मालदीव त्या 18 देशांत नाही. शिक्षक हा शब्द कायद्याच्या यादीत नाही. ताई दहावीच काय, पदव्युत्तर पास होती. तिन्ही गाळण्यांतून ती अलगद खाली गेली. परत आल्यावर तिने एजंटाविरुद्ध फसवणुकीची तक्रार द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तिला विचारलं गेलं, ''मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या. वाचूनच सही केली ना?'' प्रश्न विचारणारा माणूस वाईट नव्हता. कायदा जे दोनशे वर्षं म्हणत आला, तेच त्याने म्हटलं.

दोनदा उघडलेलं दार

सुशिक्षित माणूसही अडकतो हे सरकारला कळलेलं नाही असं नाही. 2015 मध्ये कुवेतसाठी नर्सभरतीचं प्रकरण केरळात गाजलं. कोचीतल्या एका एजन्सीवर आरोप असा होता की, साडेएकोणीस हजारांच्या जागी तिने एकेका नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतले. त्याच वर्षी केंद्राने ठरवलं की या 18 देशांत जाणाऱ्या नर्सचा पासपोर्ट कोणत्याही वर्गाचा असो, तिला प्रोटेक्टरची परवानगी लागेल आणि भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच होईल. शिक्षण आणि संरक्षण यांचं व्यस्त प्रमाण इथे पहिल्यांदा मोडलं. नर्स शिकलेली असते, तरी तिच्या करारावर कोणीतरी नजर ठेवणं गरजेचं आहे, हे मान्य झालं.

दुसऱ्यांदा 2018 मध्ये. नोव्हेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की नॉन-ईसीआर पासपोर्टवर त्या 18 देशांत नोकरीला जाणाऱ्यांनी 1 जानेवारी 2019 पासून ऑनलाइन नोंदणी करावी, नाहीतर विमानतळावरून परत पाठवू. परवानगी नव्हती, फक्त नोंद होती. पण परत पाठवण्याच्या धमकीने आखातातल्या भारतीयांत खळबळ माजली आणि दोन आठवड्यांत तो निर्णय स्थगित झाला. राग समजण्यासारखा आहे. रखवालदार आपल्यालाच दारात अडवणार असेल तर तो कोणाला हवा? फक्त त्या गोंधळात, सुशिक्षित कामगार नेमके कुठे आणि कोणत्या अटींवर जातात हे देशाला माहीत असण्याची शक्यताही बाजूला पडली.

न्याय कुठे मिळाला

मग सगळ्यांनाच परवानगीची सक्ती केली तर प्रश्न सुटेल? फिलिपिन्समध्ये बाहेर जाणाऱ्या कामगारांवर सरकारी देखरेख आहे आणि त्यातून शिक्षकही सुटत नाहीत. तरीही 2007 पासून अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गेलेल्या सुमारे साडेतीनशे फिलिपिनो शिक्षकांचं जे झालं ते ताईच्या गोष्टीची मोठी आवृत्ती होती. आधी सुमारे पाच हजार डॉलर घेतले, ते परत न मिळणारे. मग अचानक त्याच्या दुप्पट दुसरी फी. ती भरेपर्यंत पासपोर्ट आणि व्हिसा एजन्सीच्या ताब्यात. हे सगळे पदवीधर, इंग्रजी उत्तम येणारे, अनुभवी शिक्षक होते.

फरक पुढे पडला. तिथल्या शिक्षक संघटनेने त्यांची बाजू घेतली, 2010 मध्ये दावा दाखल झाला, आणि डिसेंबर 2012 मध्ये ज्यूरीने 45 लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. 2011 मध्ये मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी एच-वन-बी व्हिसाचा मालकाने सोसायचा खर्च परदेशी शिक्षकांवर टाकल्याचं अमेरिकेच्या श्रम खात्याने उघड केलं आणि हजारांहून अधिक शिक्षकांना 42 लाख डॉलर परत द्यावे लागले.

दोन्हीकडे पैसे परत आले ते निघण्यापूर्वीच्या तपासणीमुळे नाही. शिक्षक जिथे काम करत होते तिथे, त्यांच्या बाजूने उभं राहणारं कोणीतरी होतं म्हणून. एकट्या माणसाच्या हातात राजीनामा सोडून काही नसतं, आणि व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला असला की राजीनामा म्हणजे हद्दपारीच.

गिरमिटिये आणि आजचे शिक्षक एकच, असं मला म्हणायचं नाही. ताईला कोणी तुरुंगात टाकलं नसतं. ती वर्षाने परत येऊ शकली. ज्यांच्या पाठीवर चाबूक ओढला गेला, त्यांच्या नावाचं आपण भांडवल करू नये. सारखेपणा आहे तो कराराच्या रचनेत: आधी कर्ज, मग प्रवास, मग बदललेला कागद, आणि बाहेर पडायचं दार दुसऱ्याच्या हातात. या चारही गोष्टी वाचता येण्याने बदलत नाहीत.

1983 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचे मसुदे 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये लोकांपुढे आले. त्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्यांत शिक्षकांच्या संघटना असायला हव्यात, आणि आम्ही इंजिनियरही. मागणी साधी आहे. माणूस किती शिकला आहे हे विचारून संरक्षण ठरवू नका. करार बदलला तर तक्रार कुठे करायची, आणि ती केल्यावर नोकरी व व्हिसा टिकणार का, हे ठरवा. भारतातल्या एजंटाने दाखवलेला करार आणि तिथे सही घेतलेला करार यांत तफावत निघाली तर जबाबदार एजंट, वाचून सही करणारा नव्हे, एवढं एक कलम आलं तरी पुष्कळ झालं. गोखल्यांनी 1912 मध्ये दाखवलेली तफावत कागदाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांमध्ये होती, आणि आजही ती तिथेच आहे.