पाताळगंगेवरून सिद्धगडाकडे

तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघू नका. २ जानेवारीच निवडा आणि पहाटे तीनच्या आत मोहोपाड्यातून बाहेर पडा. पाणी, कानटोपी, विजेरी बरोबर असू द्या.

आधी पाताळगंगेच्या काठी थोडं थांबा. ऐन थंडीतही नदी वाहते आहे, कारण घाटावरच्या लोणावळा, वळवण, शिरवता धरणांचं पाणी खोपोलीच्या टाटा वीजघराची चाकं फिरवून इथे उतरतं. याच पाण्याच्या भरवशावर रसायनीत कारखाने आले. आता त्या पाण्याकडे बघत राहा. कारखान्यांचे दिवे विझत जातात, रस्ता मातीचा होतो, भोवती भात कापून झालेली खाचरं उरतात. तुम्ही १९४२च्या नोव्हेंबरात आहात. नदी मात्र वाहतेच आहे. वीजघर १९१५पासून सुरू आहे, तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाते आणि गिरण्या इंग्रजांच्या युद्धासाठी राबताहेत.

अंधारात तुमच्या पुढे पाच-सहा माणसं चालली आहेत. कुणी बोलत नाही. माळावर विजेचा मनोरा उभा आहे. एक जण खाली बसून त्याच्या लोखंडी पायावर करवत धरतो. दात लोखंडात शिरताना होणारी करकर तुम्हाला दाताखाली जाणवते. हात भरून आले की दुसरा बसतो. मग मनोरा कलतो, तारा ताणतात, क्षणभर निळा उजेड पडतो आणि सगळे पांगतात. तिकडे मुंबईत गिरण्या ठप्प होतात. या माणसांनी गिरण्यांवर हल्ला केला नाही, त्यांना लागणारी वीज तोडली. मला यातली अक्कल त्यांच्या धाडसाइतकीच मोठी वाटते.

हा आझाद दस्ता, इंग्रजांविरुद्ध लढणारा भूमिगत गट. त्याचे नायक भाई, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या नाभिक घरात. शिकून वकील झाले. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या घरातलं धान्य संपायचं, मग सावकाराकडून जबर वाढीने उचल घ्यावी लागायची. भाईंनी त्यावर धान्यकोठी काढली, खेड्यांत शाळा सुरू केल्या. पुढे हेच भाई भूमिगत झाले, डोक्यावर इनाम लागलं, तेव्हा रानातल्या वाड्यांनी त्यांना भाकरी दिली ती उगाच नव्हे. सहलीला मुलं बरोबर असतील, तर मनोऱ्यांच्या आधी त्यांना धान्यकोठीबद्दल सांगा.

चला, दांड फाट्यावरून चौक, पुढे कर्जत, कशेळे, म्हसा. पौषातल्या यात्रेमुळे म्हसा तुम्हाला ठाऊक असेल. तिथून जांभुर्ड्याकडे वळा. समोर सिद्धगडाचा काळा कडा उभा राहील आणि साल पुन्हा बदलेल.

२ जानेवारी १९४३. दाट रान, दहिवराने ओली पानं. दस्त्याच्या मुक्कामाचा ठावठिकाणा पोलिसांना लागला आहे. पोलीस अधिकारी हॉल आपली तुकडी घेऊन झाडीतून पुढे सरकतो आहे. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, पण आवाज फुटत नाही. फटफटताना गोळ्या सुटतात. भाई कोतवाल आणि दस्त्यातले त्यांचे साथी हिराजी पाटील तिथेच पडतात. भाईंनी नुकतीच तिशी ओलांडलेली आहे.

आता आजच्या काळात परत या. इथे त्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी याच दिवशी माणसं जमतात. तुम्हीही त्यांच्यात उभे राहा. गडाची चढण अवघड आहे, ती याच दिवसात कोंबू नका. हे रान आता भीमाशंकर अभयारण्यात येतं, तेव्हा कचरा परत आणा.

परतीला नेरळकडून या आणि हिराजींच्या मानिवली गावात थांबा. त्यांचे वडील गोमाजी पाटीलही या लढ्यात होते. मुलाबरोबर बापही रानात उतरला होता, ही गोष्ट ऐकायची तर त्यांच्याच गावात ऐकावी.