खांदेरीचे उथळ पाणी आणि नांगरलेली जहाजे
खांदेरी बेट अलिबागजवळच्या थळ गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. थळ आणि खांदेरी यांच्या मध्ये उंदेरी हे धाकटे बेट. ही जोडी ज्याच्या ताब्यात, त्याची नजर मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या प्रत्येक शिडावर. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये खांदेरीवर बांधकाम करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही तो होऊ दिला नाही. १६७९ चा प्रयत्न मात्र यशस्वी झाला. त्या लढ्याच्या हकिकतींत तोफांचाच आवाज फार ऐकू येतो. पण निकालात भरती-ओहोटीच्या पाण्याचा आणि त्यात नांगर टाकण्याच्या अडचणीचा वाटा मोठा होता.

नदीत नाव थांबवणे त्या मानाने सोपे. पलूस तालुक्यात औदुंबरहून पलीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनाला नेणारी कृष्णेतली नाव काठाला बांधली की राहते, कारण पाण्याची ओढ एकाच दिशेने असते. खांदेरीपाशी दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि सहा-सहा तासांनी ओढ उलटते. उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते. भांगाला बरेच कमी. ओहोटीच्या वेळी तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, तर भरतीला तिथेच सात मीटर पाणी होते. दोर आखूड सोडला असेल तर तो उभा ताठतो, नांगराचे दात तळातून सुटतात आणि जहाज वाहू लागते. दोर लांब सोडला तर ओहोटीला जहाज मोठ्या घेराने फिरते आणि त्या घेरात एखादा खडक असला की त्यावर बसते. चिखलात नांगर चांगला धरतो. बेटाच्या कडेला खडक असतो. तिथे तो घसरतो किंवा कपारीत असा अडकतो की दोरच कापावा लागतो. त्यामुळे भरतीची वेळ आधी ठाऊक असणे भाग होते. कोकणात ती तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला पाणी सहाच्या सुमारास भरते.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांचे सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तट उभा राहू लागला. इंग्रजांनी आधी तीन शिबाडे पाठवली, नंतर ‘रिव्हेंज’ आणि ‘हंटर’ ही लढाऊ जहाजे. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. त्यानंतर वेढा घालून रसद तोडायची, एवढाच मार्ग उरला.

इथे पाण्याने मराठ्यांना साथ दिली. गुराब रुंद बांध्याची आणि कमी पाण्यात चालणारी. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी गलबत थांबत नसे. नागावच्या खाडीतून रात्री निघालेली तारवे माणसे आणि सामान बेटावर पोहोचवून परतत. शिडाच्या जड जहाजाला मात्र आधी नांगराचा दोर ओढत त्याच्या डोक्यावर यायचे, रुतलेला नांगर उपटायचा आणि मग शिडे उभारायची, एवढे सोपस्कार असत. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचे साठाहून अधिक तारवांचे आरमार किनाऱ्याकडून इतक्या वेगाने आले की, बेटाच्या किनाऱ्याकडील बाजूस नांगरलेल्या आठ इंग्रज जहाजांना नांगर उचलायलाही जेमतेम सवड मिळाली. ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठी आरमार मागे हटले, पण हटले ते उथळ पाण्यात, जिथे मोठ्या जहाजाला पाठलाग करता येत नव्हता.

रसद चालूच राहिली. सिद्दी कासमने जानेवारी १६८० मध्ये उंदेरी बळकावली आणि दोन बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या जाऊ लागल्या. इंग्रजांनी त्या वर्षाच्या सुरुवातीसच तह करून माघार घेतली. १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर केलेली स्वारीही फसली. १८६७ मध्ये बेटावर दीपगृह उभे राहिले, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीचा समावेश झाला.